नायट्राइट वाढले म्हणजे गाळ मेला का?

प्रश्न : सोलापुरात विजापूर रस्त्यावरील एका गृहसंकुलाच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रात मी प्रयोगशाळेचे काम पाहतो. दररोज साधारण 1 लाख लिटर पाणी येते. एरेशन (हवा सोडण्याच्या) टाकीनंतरच्या ऑक्सिजनविरहित टाकीत शिरताना नायट्रेट-नायट्रोजन लिटरला 20 मिलिग्रॅमच्या आसपास असतो आणि बाहेर पडताना तो जवळजवळ संपलेला असतो, परंतु नायट्राइटच्या चाचणीत नळी गर्द गुलाबी होते. ऑपरेटर रोज सकाळी 3 किलो गूळ विरघळवून टाकीत सोडतो. पुरवठादाराच्या मते गाळ (म्हणजे टाकीतले जिवाणू) मेला आहे, नवे कल्चर (जिवाणूंचे विरजण) घ्यावे. काय करावे? – एक वाचक

उत्तर : कल्चर घेण्याची घाई करू नये. गाळ मेला असता तर नायट्रेटही जागचा हलला नसता; आपला गाळ अर्धे काम चोख करून थांबतो आहे.

नायट्रेटपासून नायट्रोजन वायू होईपर्यंत जिवाणूंना चार पायऱ्या उतराव्या लागतात, आणि नायट्राइट ही त्यांतील पहिलीच पायरी आहे. प्रत्येक पायरीसाठी वेगळे विकर (एन्झाइम) लागते आणि ती सर्व विकरे कार्बनी अन्नातून मिळणाऱ्या इलेक्ट्रॉनांवर चालतात. अन्न तुटपुंजे असले की नायट्रेटवर काम करणारे विकर बहुधा आधी हात मारते, आणि नायट्राइट तसाच साचून राहतो. थाउएरा या प्रजातीतील काही जिवाणू तर नायट्रेट संपत आल्याशिवाय पुढच्या पायरीची विकरे पुरेशी तयारच करत नाहीत. अशा गाळात थाउएरा बहुसंख्य असल्याचे वारंवार आढळले आहे. (जर्मन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रुडोल्फ थाउअर यांच्यावरून हे नाव पडले.) पाणी अल्कधर्मी, म्हणजे पीएच 9 च्या जवळ असले तरी नायट्राइट साचण्याकडे कल वाढतो.

आपल्या टाकीत हे अन्न म्हणजे गूळ; आता त्याचा हिशेब पाहू. 1 लाख लिटरमध्ये लिटरला 20 मिलिग्रॅम म्हणजे दिवसाला 2 किलो नायट्रोजन होतो. एक किलो नायट्रोजन नायट्राइटपर्यंत आणण्यास किमान 1.14 किलो सीओडी (कार्बनी अन्नाचे माप, ते पूर्ण जाळण्यास लागणाऱ्या ऑक्सिजनात मोजलेले) लागतो, तर वायूपर्यंत नेण्यास 2.86 किलो. म्हणजे आपल्याला पहिल्या पायरीसाठी सुमारे 2.3 किलो आणि पूर्ण कामासाठी 5.7 किलो सीओडी हवा. एक किलो गुळातून ढोबळमानाने एक किलो सीओडी मिळतो. जिवाणू वाढीसाठी त्यातला बराच हिस्सा स्वतःकडे ठेवतात. गाळ स्वतः झिजून थोडी भर घालतो, इतकेच. सांडपाण्यातला मूळ कार्बन तर एरेशन टाकीतच संपलेला असतो. तेव्हा 3 किलो गुळात गाडी मधल्याच स्थानकावर थांबते, यात नवल नाही.

दुसरी गोष्ट मला अधिक खटकते. पाणी दिवसभर येते आणि गूळ एकदाच, सकाळी पडतो. सकाळी 9 आणि दुपारी 4 असे दोन नमुने घेऊन दोन्ही नळ्या शेजारी ठेवाव्यात. दुपारची नळी अधिक गडद निघाली तर दोष मात्रेइतकाच वेळेचाही आहे. टाकीत शिरणाऱ्या पाण्याचाही नायट्राइट मोजावा. सोलापूरच्या उन्हाळ्यात कोमट पाण्यात अमोनियाचा नायट्राइट करणारे जिवाणू वेगाने काम करतात आणि त्याचा पुढे नायट्रेट करणारे मागे पडू शकतात. नायट्राइट आधीच चढलेला आढळल्यास गुळाला दोष देण्यापूर्वी ब्लोअर आणि हवेचा पुरवठा तपासावा.

काही ठिकाणी ही अर्धी वाट मुद्दाम राखली जाते, कारण 1990च्या दशकात नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथे ओळखले गेलेले अ‍ॅनामॉक्स जिवाणू नायट्राइट व अमोनिया एकत्र वापरून थेट नायट्रोजन वायू करतात. आपल्या त्या टाकीत अमोनिया उरलेला नसल्याने तो मार्ग आपल्या उपयोगाचा नाही.

मात्र नायट्राइट बाहेर जाऊ देऊ नये: तो माशांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटवतो आणि क्लोरीन खातो. शिवाय 10 मिलिग्रॅम नायट्राइट-नायट्रोजन सीओडीच्या चाचणीत जवळपास 11 मिलिग्रॅमची खोटी भर घालतो, म्हणून चाचणीपूर्वी सल्फॅमिक आम्ल घालावे. गूळ मात्र एकदम दुप्पट करू नये. नाहीतर उरलेला गोडवा बाहेरच्या पाण्याचा बीओडी (जिवाणूंना त्यातले अन्न पचवण्यास लागणारा ऑक्सिजन) वाढवील. आहे तेवढाच 3 किलो गूळ आधी दिवसाच्या चार पाळ्यांत वाटून आठवडाभर नोंदी ठेवाव्यात, मग अर्ध्या-अर्ध्या किलोने मात्रा वाढवत न्यावी.