दुआ लिपाची शैली तीन अल्बममध्ये खरोखर बदलली आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की, तुमच्या मित्रमंडळींत ब्रिटिश पॉप गायिका दुआ लिपा हिच्यावरून दोन तट पडले आहेत. एका तटाच्या मते ‘फ्यूचर नॉस्टॅल्जिया’ या दुसऱ्या अल्बमनंतर तिची घसरण सुरू झाली, तर दुसऱ्याच्या मते ‘रॅडिकल ऑप्टिमिझम’ या तिसऱ्या अल्बममध्ये ती प्रगल्भ झाली, आणि मुळात तिची शैली का व कशी बदलत गेली, हे तुम्हाला समजून घ्यायचे आहे. मी मुंबईत हिंदी-मराठी गाण्यांच्या वाद्यवृंदांत कीबोर्ड वाजवतो, त्यामुळे माझे उत्तर जितके चाहत्याचे तितकेच साथीदाराचेही आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो: तिच्या गळ्याची जात तिन्ही अल्बमांत एकच आहे, बदल झाला तो गाणे कसे असावे हे कोण ठरवते यात, आणि तुमच्या मंडळींचा वाद बराचसा त्यातूनच उद्भवला आहे.

पहिला अल्बम, म्हणजे तिचेच नाव असलेला ‘दुआ लिपा’, 2 जून 2017 रोजी आला. तो आधी दोनदा पुढे ढकलला गेला होता आणि त्यातील ‘बी द वन’सारखी गाणी 2015 पासूनच बाजारात होती. दोन-अडीच वर्षे वेगवेगळ्या संगीतनिर्मात्यांकडे जमत गेलेली गाणी एकत्र केली की जे होते तेच येथे झाले आहे. एका गाण्यात त्या काळी रेडिओवर सर्वत्र वाजणारे ‘ट्रॉपिकल हाऊस’ नावाचे हलके नृत्यसंगीत आहे, दुसऱ्यात गिटारवर बेतलेला ठसका आहे, आणि ‘होमसिक’मध्ये कोल्डप्लेच्या ख्रिस मार्टिनबरोबर पियानोवर गायलेले अगदी संथ गाणे आहे. प्रत्येक गाणे स्वतंत्रपणे ऐकावे तर चांगले वाटते, परंतु सलग ऐकताना एकाच घरात राहत असल्याची खूण पटत नाही. या अल्बमला जुने चाहते ‘कच्चा पण प्रामाणिक’ म्हणतात. मला त्यातील ‘कच्चा’ एवढेच मान्य आहे, कारण तो प्रामाणिकपणा बऱ्याच अंशी निर्मात्यांचा आहे.

याचा सर्वांत चांगला पुरावा ‘न्यू रूल्स’ हे गाणे आहे. ऑगस्ट 2017 मध्ये ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले आणि तिचे नाव जगभर पोहोचले. पण ते तिने लिहिलेले नाही. कॅरोलाइन आयलिन, एमिली वॉरन आणि इयान कर्कपॅट्रिक या तिघांनी ते रचले होते. त्यानंतर दोन वर्षांनी, 2019 च्या ऑक्टोबरअखेरीस, ‘डोन्ट स्टार्ट नाऊ’ आले आणि दुसऱ्या अल्बमचा मार्ग स्पष्ट झाला. त्या गाण्याच्या रचनाकारांची नावे पाहा: तेच तिघे, आणि चौथी दुआ लिपा. माणसे तीच असताना पहिले गाणे त्या वर्षी कोणत्याही गायिकेला देता आले असते असे आहे, आणि दुसरे मात्र दुसऱ्या कोणाच्या तोंडी कल्पनाच करवत नाही. शैली बदलली ती सहकारी बदलल्यामुळे, असे सरसकट म्हणणाऱ्यांनी या दोन गाण्यांचा विचार अवश्य करावा.

‘डोन्ट स्टार्ट नाऊ’ वाजवायला बसल्यावर त्यातील बारकावा कळतो. सुरुवातीला तालाचा पत्ताच नसतो. आवाज जवळजवळ उघडा असतो आणि मागे थोडीशी साथ. मग बेस, म्हणजे खालच्या सुरांची साथ, येतो, आणि तो आल्यापासून गाणे त्याचेच होते. ती ओळ संपवून श्वास घेते त्या रिकाम्या जागेत बेस उत्तर देतो, ती पुन्हा गाऊ लागली की तो आवरता घेतो. हा बेस डाव्या हाताने कीबोर्डवर काढायचा तर सूर दाबण्यापेक्षा सोडण्याकडे लक्ष द्यावे लागते, कारण प्रत्येक सूर वेळेवर तोडला नाही, किंचितही लांबला, की नाचाची सगळी मजा जाते आणि गाणे बसून पडते. वर काउबेलची (काठीने वाजवायच्या धातूच्या घंटेची) टकटक, टाळ्या आणि व्हायोलिनांचे छोटे फटकारे आहेत; पण या सर्वांना ठरावीक जागा नेमून दिलेली आहे आणि एकही वाद्य दुसऱ्याच्या पायात येत नाही. एवढी शिस्त पहिल्या अल्बममध्ये कोठेही आढळत नाही.

हीच शिस्त संपूर्ण ‘फ्यूचर नॉस्टॅल्जिया’त आहे. 11 गाणी, सुमारे 37 मिनिटे, आणि सत्तर-ऐंशीच्या दशकांतील डिस्को व फंक यांचा आधार घेऊन आजचे गाणे करायचे, हे एकच सूत्र. जुन्याची उसनवारी येथे उघडपणे केलेली आहे. ‘लव्ह अगेन’मधील तुतारीसारखा वाजणारा ट्रम्पेटचा तुकडा अल बोली या गायकाच्या 1932 च्या ध्वनिमुद्रिकेतून घेतला आहे, तोच तुकडा 1997 मध्ये ‘व्हाइट टाऊन’ या नावाने गाणाऱ्या ज्योती मिश्रा यांनी वापरून ब्रिटनमध्ये पहिला क्रमांक गाठला होता. हे मिश्रा मूळचे राउरकेल्याचे, हे आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही म्हणून येथे नोंदवून ठेवतो. मात्र ज्या अल्बमला चाहते ‘नो स्किप’, म्हणजे एकही गाणे गाळू नये असा, म्हणून डोक्यावर घेतात, त्याची शेवटची दोन गाणी इतरांच्या तोडीची नाहीत. ‘बॉईज विल बी बॉईज’चा आशय मोलाचा आहे, मुली अंधारात घरी परतताना काय काय सोसतात हे त्यात सांगितले आहे, पण नाचाच्या रात्रीनंतर ते एखाद्या शालेय समारंभातील समूहगीतासारखे येऊन उभे राहते. तिसऱ्या अल्बममधील दुबळ्या गाण्यांची यादी करणारे लोक ही दोन गाणी सोयीस्करपणे विसरतात.

दुसऱ्या अल्बमविषयीच्या प्रेमात काळाचाही वाटा आहे. तो 3 एप्रिल 2020 ला यायचा होता, परंतु त्यातील गाणी आधीच इंटरनेटवर फुटल्यामुळे 27 मार्चला प्रसिद्ध करण्यात आला. मुंबईत तेव्हा टाळेबंदी लागून जेमतेम दोन दिवस झाले होते. लोकल बंद, रस्ते ओस, आणि चाळीत किंवा टॉवरमध्ये अडकलेल्या तरुण मुलामुलींच्या कानात नाचाची गाणी, असा विचित्र योग जुळून आला. त्या दिवसांत सोबत करणारे संगीत माणूस पुढे तटस्थपणे ऐकू शकत नाही. शिवाय त्या अल्बमचा कालखंड, ज्याला चाहते ‘एरा’ म्हणतात, संपता संपेना. त्यातील ‘लेव्हिटेटिंग’ अमेरिकेतील बिलबोर्ड मासिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या साप्ताहिक यादीत दुसऱ्या क्रमांकाच्या वर कधीच गेले नाही, तरीही त्याच मासिकाच्या 2021 च्या वार्षिक यादीत ते पहिले ठरले, इतके ते टिकून राहिले. त्याच वर्षी एल्टन जॉनबरोबरचे ‘कोल्ड हार्ट’ आले आणि 2023 मध्ये ‘बार्बी’ चित्रपटासाठी ‘डान्स द नाईट’. म्हणजे जवळजवळ चार वर्षे लोकांनी तिला डिस्कोतच ऐकले. त्यानंतर काहीही निराळे आले असते तरी ‘ही आमची दुआ नव्हे’ अशी ओरड झालीच असती.

‘रॅडिकल ऑप्टिमिझम’ 3 मे 2024 रोजी आला. येथे ‘टेम इम्पाला’ या नावाने संगीत करणारे केव्हिन पार्कर आणि संगीतनिर्माते डॅनी एल. हार्ल हे दोघे प्रमुख साथीदार आहेत. कॅरोलाइन आयलिन पुन्हा आहेतच. ध्वनीचा पोत बदलला आहे. ड्रम अधिक खरे, खोलीत कोणी वाजवत असल्यासारखे वाटतात. बेस पूर्वीसारखा चिमटे काढत नाही, तो वाहतो. ‘मारिया’सारख्या गाण्यांत साध्या गिटारला मानाचे पान मिळाले आहे. चाहत्यांच्या तक्रारीत तथ्य आहे ते एका बाबतीत. अल्बम येण्यापूर्वीच्या मुलाखतींत सायकेडेलिक (धुंदीचा भास देणारे) संगीत आणि प्रायमल स्क्रीम, मॅसिव्ह अटॅक या ब्रिटिश बँडची नावे घेतली गेली होती, त्यामुळे लोक धुंद, पसरट, धोका पत्करणाऱ्या गाण्यांची वाट पाहत बसले. हाती आली ती तीन-साडेतीन मिनिटांची नीटनेटकी पॉप गाणी. ‘हुडिनी’च्या शेवटी वाद्ये थोडा वेळ मोकाट सुटतात तेव्हा वाटते की आता काही घडणार, आणि गाणे संपते. अपेक्षाभंग झाला तो त्या जाहिरातबाजीमुळे. ती बाजूला ठेवून ऐकले तर अल्बम वाईट नाही, मात्र लक्षात राहणारी ध्रुवपदे दुसऱ्या अल्बमच्या तुलनेत कमी आहेत हे मान्य करावे लागते.

तरीही एका अंगाने तिसरा अल्बम मला सर्वांत रोचक वाटतो. तिची बरीचशी गाणी सोडून गेलेल्या प्रियकराविषयी आहेत. ‘न्यू रूल्स’मधील मुलगी स्वतःला नियम घालून घेते: त्याचा फोन उचलायचा नाही, त्याला घरात घ्यायचे नाही, त्याच्याशी मैत्री ठेवायची नाही. ज्याअर्थी नियम लागतात त्याअर्थी मोह शिल्लक आहे. ‘डोन्ट स्टार्ट नाऊ’मधील मुलगी सावरलेली आहे, पण ते सावरणे ती त्याच्या तोंडावर फेकते; तुला मी नाचताना दिसायला नको असेन तर येथे येऊच नकोस, असा तिचा पवित्रा आहे. आणि तिसऱ्या अल्बमच्या शेवटी, ‘हॅपी फॉर यू’मध्ये, ती त्याचे नव्या प्रेयसीबरोबरचे छायाचित्र पाहते आणि आपल्याला खरोखर आनंद झाला याचेच तिला आश्चर्य वाटते. ‘मारिया’त तर ती आपल्या प्रियकराच्या आधीच्या प्रेयसीचे आभार मानते, कारण तिनेच त्याला चांगला माणूस केले. राग ओसरल्यावर गाण्यातील धार कमी होते, हे खरेच आहे. ज्यांना धार हवी होती त्यांना हा अल्बम गुळमुळीत वाटला, त्यात नवल नाही.

आता गळ्याविषयी. तिचा आवाज मुळात खालच्या पट्टीचा आणि किंचित घोगरा आहे, आणि अंतऱ्यात खाली राहून बोलल्यासारखे गाण्याची तिची सवय पहिल्यापासून आहे. फरक पडला तो वरच्या सुरांत. ‘फॉलिंग फॉरएव्हर’ आणि ‘हॅपी फॉर यू’ या गाण्यांत ती वर जाते आणि तेथे ठामपणे उभी राहते. पूर्वी अशा जागी आवाजांचे थर चढवून काम भागवले जाई. रंगमंचावरची सुधारणा याहून मोठी आहे. तिच्या एका नाचाच्या हालचालीची 2017-18 च्या सुमारास इंटरनेटवर यथेच्छ टिंगल झाली होती. 2022 च्या दौऱ्यात तीच हालचाल तिने ‘डोन्ट स्टार्ट नाऊ’मध्ये मुद्दाम परत आणली, तेव्हा टिंगल करणाऱ्यांनीच टाळ्या वाजवल्या.

मुंबईकरांना ही वाढ प्रत्यक्ष पाहता आली. नोव्हेंबर 2019 मध्ये ती नेरुळच्या डी. वाय. पाटील मैदानावर गायली तेव्हा कार्यक्रमाचे मोठे आकर्षण केटी पेरी होती. 30 नोव्हेंबर 2024 रोजी वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर लोक तिच्यासाठी आले होते. त्या रात्री ‘लेव्हिटेटिंग’मध्ये ‘बादशाह’ चित्रपटातील ‘वो लडकी जो’ मिसळून वाजले आणि जो जल्लोष झाला तो तुम्ही चित्रफितींत पाहिला असेलच. अनु मलिक यांचे संगीत, अभिजीत यांचा आवाज, वर्ष 1999. हे मिश्रण एका चाहत्याने आधीच समाजमाध्यमांवर लोकप्रिय केले होते. ते इतके चपखल का बसते, याचे कारण सोपे आहे. ‘लेव्हिटेटिंग’ सुरुवातीपासून शेवटपर्यंत बी मायनर या पट्टीतील त्याच मोजक्या कॉर्ड्सवर (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या जुळण्यांवर) फिरत राहते, मध्ये वळण असे नाहीच. त्यामुळे पट्टी आणि लय जुळवून घेतली की मायनरमधील दुसरी चाल वर सहज ठेवता येते. शिवाय संगीतकार बिद्दू आणि गायिका नाझिया हसन यांच्यामुळे 1980 पासूनच आपल्या कानांना डिस्कोचा बेस परका राहिलेला नाही. दुसरा अल्बम येथे इतका रुजला त्यात या ओळखीचाही भाग असावा, असे मला वाटते.

तुमच्या मित्रांपैकी ज्यांना घसरण वाटते त्यांनी निदान तिसऱ्या अल्बमचे लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधील ध्वनिमुद्रण ऐकावे. 17 ऑक्टोबर 2024 च्या त्या कार्यक्रमात हेरिटेज ऑर्केस्ट्राची साथ आहे, आणि स्टुडिओत सपाट वाटलेल्या गाण्यांना तेथे चढउतार मिळाले आहेत. ‘हॅपी फॉर यू’ तर मला मूळ अल्बममधल्यापेक्षा तेथेच अधिक आवडते. याच मैफलीत ती पहिल्या अल्बममधील ‘बी द वन’ही गाते. 2015 चे गाणे 2024 च्या गाण्यांच्या रांगेत, त्याच व्हायोलिनांच्या साथीने येते आणि मुळीच उपरे वाटत नाही.