टस्कनीतील शेतघर घ्यावे; मात्र कर्ज काढून मे महिन्यात जाऊ नये

प्रश्न : येत्या मे महिन्यात आम्ही दोघे आणि दोन मुली (वय १२ व ८) दहा रात्रींसाठी इटलीला जाणार आहोत. चार रात्री रोम आणि सहा रात्री टस्कनीतील पिएन्झाजवळच्या एका शेतघरात, असा बेत आहे. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर असलेले हे घर रोज १५० युरोंना मिळते; फ्लॉरेन्समध्ये हॉटेलच्या दोन खोल्यांना रोज २३० युरो पडतात. शेतघरामुळे पैसे वाचतील ना? एकूण अंदाज साडेसहा लाखांचा असून त्यात विमानाची तिकिटे २ लाख ८० हजारांची आहेत. हाताशी ३ लाख ८० हजार आहेत आणि दरमहा २० हजार शिल्लक पडतात. उरलेल्या रकमेसाठी वैयक्तिक कर्ज घ्यावे, की थोरलीच्या शिक्षणासाठीचा म्युच्युअल फंड काढावा? आम्ही शाकाहारी आहोत. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : शेतघर स्वस्त पडेल हे गृहीत धरून आपण पुढचा सगळा हिशेब मांडला आहे, म्हणून आधी तेच तपासू. सहा रात्रींच्या भाड्यात ४८० युरोंची बचत दिसते खरी. पण पिएन्झाला रेल्वे नाही. रोमहून रेल्वेगाडीने किउसी स्थानकापर्यंत जाता येते. तेथून पुढे बस अगदी मोजक्या असून रविवारी आणखी कमी होतात, आणि शेतघरे तर गावापासूनही दूर, पांढऱ्या खडीच्या रस्त्यांच्या टोकाला असतात. म्हणजे भाड्याची मोटार घ्यावीच लागेल. ऑटोमॅटिक गाडी आणि तिचा पूर्ण विमा यांसाठी रोजचे ७५ युरो धरले, तर सहा दिवसांचे ४५० होतात. पेट्रोल, टोल आणि पार्किंगचे १५० आणि मुक्कामाच्या शेवटी आकारल्या जाणाऱ्या साफसफाईचे साधारण ६० मिळवले की ६६० युरो झाले. भाड्यात वाचलेले ४८० वजा जाता शेतघरच १८० युरोंनी महाग ठरते. चार रात्रींचे जेवण घरच्या स्वयंपाकघरात केले आणि चौघांच्या बाहेरच्या जेवणापेक्षा प्रत्येक वेळी ४५ युरो वाचले, तर हा फरक भरून निघतो. माझे आकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण दोन्ही पर्याय जवळपास सारख्याच खर्चाचे आहेत, हा निष्कर्ष त्याने बदलणार नाही.

खर्च सारखाच असेल, तर निवड आपल्याला दिवस कसे घालवायचे आहेत यावर करावी, आणि तसा विचार केल्यास माझा कौल शेतघराला आहे. इटलीत अशा मुक्कामांना अ‍ॅग्रितुरिस्मो म्हणतात आणि २००६ च्या राष्ट्रीय कायद्यानुसार तेथे शेती हाच मुख्य व्यवसाय असावा लागतो, तसेच पाहुण्यांना वाढायचे अन्न प्रामुख्याने स्वतःच्या किंवा त्या परिसरातील शेतमालाचे असावे लागते. त्यामुळे संध्याकाळचे जेवण शेतघरातच घेतले, तर आचेवर भाजलेल्या पावावर त्यांच्याच झाडांच्या ऑलिव्हचे तेल, पिएन्झाचे मेंढीच्या दुधाचे पेकोरिनो चीज आणि टोमॅटो-लसणाच्या रश्शातली जाड हातवळी पिची (एक प्रकारचा पास्ता), असे पान समोर येऊ शकते. पेकोरिनोसारख्या पारंपरिक चीजमध्ये मात्र प्राणिज रेनेट (जनावराच्या जठरातून काढलेले, दूध घट्ट करणारे विरजण) वापरलेले असते, आणि सुपांत मांसाचा अर्क असू शकतो. ते आपल्याला चालत नसेल, तर आधीच लिहून कळवावे. शाकाहारी कुटुंबाला परदेशात स्वतःचे स्वयंपाकघर हाताशी असणे किती मोलाचे असते, हे मी वेगळे सांगायला नको. ज्यांना रोज एक नवे शहर पाहायचे असते, त्यांना मी कधीही शेतघर सुचवत नाही, कारण त्यांचे अर्धे पैसे आणि अर्धा दिवस रस्त्यावर जातो. आपल्या पत्रात तशी घाई दिसली नाही.

एक खर्च मात्र कोणत्याच कोष्टकात दिसत नाही. फ्लॉरेन्स, सिएना यांसारख्या शहरांच्या जुन्या भागात बाहेरच्या मोटारींना मज्जाव असतो, प्रवेशावर कॅमेरे असतात आणि दंडाची नोटीस आपण घरी परतल्यावर काही महिन्यांनी येते. शिवाय चालकाची माहिती पोलिसांना पुरवल्याबद्दल मोटार देणारी कंपनी स्वतःचे शुल्क कार्डावर लावते ते वेगळेच. गाडी वेशीबाहेरच्या वाहनतळावर ठेवून पायी आत जावे. आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना निघण्याआधी मोटारीचे बुकिंग करू नये.

आता पैशाच्या खऱ्या जोखमीकडे वळतो. शेतघराचे मालक आगाऊ रक्कम मागतात, आणि ती कोणत्या नावाने घेतली जाते याला महत्त्व आहे. इटलीच्या दिवाणी संहितेच्या कलम १३८५ प्रमाणे ‘कापार्रा कॉन्फिर्मातोरिया’ म्हणून दिलेली रक्कम आपण व्यवहार मोडल्यास बुडते. मालकाने मोडल्यास त्याला दुप्पट परत करावी लागते. आपल्या बाबतीत व्यवहार मोडण्याचे सर्वांत संभाव्य कारण व्हिसा हे आहे. इटलीला जाण्यासाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी मुक्कामाचा पुरावा द्यावा लागतो, व्हिसा मिळेलच याची हमी नसते, आणि नाकारला गेला तरी शुल्क परत मिळत नाही. हे शुल्क प्रौढांना ९० युरो, सहा ते बारा वर्षांखालील मुलांना ४५ युरो आहे. थोरलीला बारा पूर्ण झाली असल्याने तिचेही ९०, म्हणजे चौघांचे ३१५ युरो आणि वर व्हिसा अर्ज केंद्राचे सेवाशुल्क. म्हणून थोडे जास्त भाडे द्यावे लागले तरी चालेल, पण व्हिसाचा निकाल लागेपर्यंत विनादंड रद्द करता येईल असेच बुकिंग घ्यावे. जाहिरातीत ‘सीआयएन’ हा राष्ट्रीय ओळख क्रमांक दिलेला आहे का, हेही पाहावे. १ जानेवारी २०२५ पासून तो बंधनकारक आहे आणि ज्या घराला तो नाही, त्याला पैसे पाठवू नयेत.

पैसे उभे कसे करायचे, याबाबत माझे मत ठाम आहे. मेपर्यंतच्या पाच महिन्यांत आणखी एक लाख जमेल, म्हणजे हाती ४ लाख ८० हजार असतील आणि १ लाख ७० हजार कमी पडतील. शिक्षणाचा फंड काढू नये, कारण थोरलीच्या बारावीला पाचच वर्षे उरली आहेत आणि काढलेली रक्कम पुन्हा भरण्याचा संकल्प सहसा तडीस जात नाही. कर्जही नको, सुट्टी दहा दिवसांत संपते आणि हप्ते दोन-तीन वर्षे चालतात, शिवाय दरमहा शिल्लक पडणाऱ्या २० हजारांतलेच काही त्यात जातात.

माझी सूचना अशी की सहल दिवाळीच्या सुट्टीत न्यावी. तोवर दहा महिन्यांचे दोन लाख जमून हाती ५ लाख ८० हजार असतील. उरलेले ७० हजार रोममधली एक रात्र कमी करून आणि मेच्या गर्दीबाहेरची तिकिटे घेऊन वाचवणे आवाक्यातले आहे. जूनपासूनच तिकिटांच्या दरांवर लक्ष ठेवावे. टस्कनीत ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंत ऑलिव्हची काढणी चालते. झाडांखाली जाळी अंथरलेली असतात, फळे त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घाण्यावर जातात, आणि नवे तेल हिरवट, घशाला झोंबणारे असते. शेतीवर राहायला जायचे, तर शेतीचे मोठे काम चालू असताना जाणे मला अधिक मोलाचे वाटते. याची किंमतही आहे. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास मागे जातात, नोव्हेंबरच्या आरंभी पाच वाजताच सूर्य मावळतो, पाऊस पडतो आणि काही शेतघरे बंद असतात. मुलींना पोहण्याच्या तलावाची हौस असेल, तर ती पुरी होणार नाही. मात्र बहुतेक तलाव तापवलेले नसल्याने मे महिन्यातही पाणी गारच असते.

त्या हंगामात घर गरम ठेवण्याचा आकार बहुधा मीटरप्रमाणे वेगळा लागतो, तेव्हा मालकांना पत्र पाठवून तो आकार, शेवटची साफसफाई, माणशी पर्यटक कर, आगाऊ रकमेचा प्रकार आणि त्या आठवड्यात काढणी चालू असेल का, हे लेखी विचारावे. तिकडे कार्डाने पैसे देताना यंत्र रुपये की युरो असे विचारते. युरोच निवडावा, आणि परकीय चलनावरील आकारणी कमी असलेले कार्ड आधीच घेऊन ठेवावे. मी येथे युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला आहे. तो चढल्यास हात आखडू नये म्हणून अंदाजाच्या दहा टक्के, म्हणजे साधारण ६५ हजार, हाताशी असावेत. आपत्कालीन ठेव वेगळी असल्याचा उल्लेख पत्रात नाही. ती नसेल, तर हाताशी असलेल्या ३ लाख ८० हजारांतून आधी तीन महिन्यांचा घरखर्च बाजूला काढावा आणि सहल त्यानंतरच्या वर्षावर न्यावी.