वाचकांचे प्रश्न : जुना राउंड बेलर घेताना

प्रश्न : तणसाचे गठ्ठे बांधायला ४५ एचपी ट्रॅक्टरवर चालणारा छोटा रोलरवाला राउंड बेलर जुन्यात मिळतो आहे. रंग नवा आहे. काय तपासावे? गठ्ठा मधोमध सैल निघतो, तो बिघाड आहे का?
– एक वाचक, गोंदिया जिल्हा

उत्तर : मधला सैलपणा बिघाड नव्हे. या बेलरचा कप्पा ठरावीक मापाचा असतो. तो भरत आल्यावरच दाब बसतो, म्हणून बाहेरचे थर घट्ट आणि गाभा सैल राहतो. गठ्ठा एका बाजूने निमुळता निघाला तर आधी ड्रायव्हरकडे पाहा. तणसाची ओळ पिकअपपेक्षा (तणस उचलणाऱ्या दातेरी भागापेक्षा) अरुंद असेल तर ट्रॅक्टर आलटून पालटून डावा-उजवा न्यावा लागतो.

रंगाखाली चेन लपत नाही. १ इंच पिचच्या (लगतच्या दोन पिनांत १ इंच अंतर असलेल्या) चेनवर ओळीने १३ पिना मोजा. पहिल्या पिनेच्या मध्यापासून तेराव्याच्या मध्यापर्यंत नव्या चेनचे अंतर बरोबर १२ इंच भरते. ते १२ इंच ३ सूत (१२ ३/८) झाले असेल तर चेन संपली. स्प्रॉकेटचे दातही आकड्यासारखे वाकलेले दिसले तर दोन्हींचा खर्च किमतीतून वजा करा. जुन्या दातांवर नवी चेन टिकत नाही.

मग मागचे दार उघडून त्याचा लॉक लावा, इंजिन बंद, किल्ली खिशात. प्रत्येक रोलर सब्बलीने हलका उचलून पाहा. खडखडला तर बेअरिंग गेले. रोलरच्या टोकाशी तणस गुंडाळलेले असेल तर काढायला लावा, ते बेअरिंगचे सील फाडते आणि आगही तिथून लागू शकते. शिअर बोल्टच्या (जास्त जोर आला की आधी तुटून गिअरबॉक्स वाचवणाऱ्या बोल्टच्या) जागी कडक हायटेन्साइल बोल्ट ठोकलेला दिसला, तर गिअरबॉक्सने धक्के खाल्लेत असे समजा.

शेवटी ट्रॅक्टरचा पीटीओ (बेलर फिरवणारा मागचा दांडा) ५४० आरपीएमवर ठेवून, कोरड्या तणसात, किमान दहा गठ्ठे काढून घ्या. बंद केल्यावर बेअरिंगच्या घरांजवळ हात नेऊन पाहा; एखादे शेजाऱ्यांपेक्षा जास्त तापले असेल तर तेच पुढे जाणार. सुतळीची टोके पिंजलेली असतील तर ती कापणारे पाते बोथट. सुतळी मध्येच तुटत असेल तर ती ज्या कड्यांतून सरकते त्यांत खाचा पडल्यात का बघा. त्या स्वस्तात बदलतात, त्यासाठी सौदा मोडू नका.

घेतल्यावर चेनला रोज तेल द्या, ग्रीस निपल पुसून मगच ग्रीस भरा. पिकअपचे दाते जमिनीपासून २-३ सेंटिमीटर वर ठेवा. बांधीच्या धुऱ्यावर आदळले की ते तुटतात. ओले तणस रोलरला गुंडाळते आणि गठ्ठ्यात बुरसते, म्हणून दव सुकल्याशिवाय मशीन लावू नका.