मेटल थ्रीडी प्रिंटिंग आलं की सीएनसीवाल्यांची कामं जातील का?
नाही जाणार, प्रिंट झालेला पार्टसुद्धा शेवटी सीएनसीवरच (संगणकाने चालणाऱ्या कटिंग मशीनवरच) येतो. लेझर मशीन धातूची पावडर साधारण 30 ते 60 मायक्रॉनच्या थरांनी वितळवत जाते, त्यामुळे पार्ट हाताला सँडपेपरसारखा खरखरीत लागतो, आणि बेअरिंगचं बोअर (बेअरिंग बसायचं भोक) किंवा आटे तसेच सोडून चालत नाही. टूलरूममध्ये असे पार्ट फिनिशिंगला येतात ते मीच करतो, म्हणून सांगतोय. क्रम साधारण असा:

- ज्या बेस प्लेटवर पार्ट प्रिंट होतो तिच्यासकट स्ट्रेस रिलिव्हिंग (तापवून आतला ताण काढणं)
- वायरकटने (विजेच्या ठिणग्यांनी धातू कापणाऱ्या तारेने) प्लेटवरून सोडवणं, प्रिंट करताना दिलेले सपोर्ट (आधार) तोडणं
- मग व्हीएमसीवर (उभ्या सीएनसी मिलिंग मशीनवर) बोअर, फेस (सपाट बाजू), टॅपिंग (आटे पाडणं)

खरी डोकेदुखी म्हणजे पार्ट पकडायचा कुठे, कारण सरळ फेसच नसतो (डिझाइनवाल्यांना हे ड्रॉइंग पाठवल्यावर आठवतं).

हां, जिथे बरेच तुकडे जोडून एक वस्तू बनते तिथे मात्र काम खरंच कमी होतं. इस्रोने पीएसएलव्ही रॉकेटच्या चौथ्या टप्प्याचं पीएस4 इंजिन प्रिंट करून मे 2024 मध्ये 665 सेकंद चालवून बघितलं, त्यात 14 भागांचा एकच तुकडा झाला, 19 वेल्ड गेले, आणि आधी 565 किलो फोर्जिंग (दाबून घडवलेला धातू) आणि शीट लागायचं तिथे 13.7 किलो पावडरमध्ये भागलं. पण रोजचे शाफ्ट, फ्लँज, बुश हजारोंनी काढायचे तर पावडरचा भाव आणि मशीनचे तास बघूनच कोणी तिकडे वळत नाही.