हिटलरला ठोसा मारला, पण ओठ कसे काढले?

या महिन्यात टपालात सुपरहिरोंचीच गर्दी आहे, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलले. जन्मभर मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढलेल्या माणसाला असलं काही विचारलं की तो चेहऱ्यांबद्दलच बोलत बसतो, हे आधीच सांगून ठेवतो.

प्रश्न : मुलगा आठवीत आहे. ‘ही कॉमिक्स म्हणजे नुसती हाणामारी,’ असं मी म्हणालो, तर तो म्हणतो, ‘बाबा, सुपरमॅनने कु क्लक्स क्लॅनला लोळवलं होतं.’ हे खरं, की त्याने मला गुंडाळलं?

उत्तर : खरं आहे. कु क्लक्स क्लॅन म्हणजे गोऱ्यांच्या वर्चस्वासाठी दहशत माजवणारी अमेरिकेतली गुप्त टोळी. फक्त हे लोळवणं कॉमिकमध्ये नव्हे, रेडिओवर झालं. १९४६च्या जून-जुलैमध्ये अमेरिकेत सुपरमॅनच्या रेडिओ मालिकेत ‘क्लॅन ऑफ द फायरी क्रॉस’ ही १६ भागांची गोष्ट लागली होती. सुपरमॅनचा तरुण दोस्त जिमी ओल्सन पोरांची एक बेसबॉल टीम सांभाळत असतो. तिथे टॉमी ली हा चिनी वंशाचा मुलगा मुख्य पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, होतो. आधीचा पिचर चक रिग्ज बाजूला पडतो, चिडतो आणि घरी काकाला सांगतो. काका निघतो टोळीचा म्होरक्या. पुढे ली कुटुंबाच्या अंगणात पेटता क्रूस, म्हणजे क्लॅनची धमकीची खूण, उभा राहतो. सुपरमॅन यायचा तेव्हा येतोच, ते सोडा. मला भावतं ते चकचं दुखणं. त्याचा राग खेळातला, कुठल्याही पोराचा असतो तसा. त्या रागाला वंशाचं नाव चिकटवतो तो घरातला मोठा माणूस.

लेखक स्टेट्सन केनेडी यांनी क्लॅनमध्ये शिरून माहिती काढली आणि सुपरमॅनने त्यांचे गुप्त संकेतशब्द देशभर फोडले, ही कथाही मुलगा सांगेल. केनेडींनी माहिती पुरवली, इतकंच धरा. बाकीला मीठमसाला बराच लागला आहे.

कागदावरचा पुरावाच हवा असेल तर १९४९चं शाळेच्या पुस्तकांना घालायचं कव्हर आहे. त्यावर सुपरमॅन मुलांना सांगतो की धर्म, वंश किंवा मूळ देश यावरून कुणी सोबत्याला बोललं तर गप्प बसू नका, हे बोलणं अमेरिकन नव्हे असं त्याला तिथल्या तिथे सुनवा. एकूण काय, ही फेरी मुलाने जिंकली.

प्रश्न : मी चित्रकला शिकते. पहिल्याच अंकाच्या मुखपृष्ठावर कॅप्टन अमेरिका हिटलरला ठोसा मारतो, ते चित्र मला फार आवडतं. पण त्याच काळातल्या कॉमिक्समधली कृष्णवर्णीय पात्रं पाहून किळस आली. एकच हात या दोन्ही गोष्टी कशा काढतो?

उत्तर : प्रश्न टोचला. का, ते सांगतोच.

आधी ठोशाची किंमत लक्षात घ्या. अंकावर तारीख मार्च १९४१ची असली तरी तो विक्रीला आला डिसेंबर १९४०मध्ये. पर्ल हार्बरवरचा जपानी हल्ला अजून एक वर्ष लांब होता आणि अमेरिका युद्धात उतरलेली नव्हती. काढणारे जो सायमन आणि जॅक कर्बी. कर्बीचं मूळ नाव जेकब कुर्ट्झबर्ग, न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमध्ये वाढलेला ज्यू स्थलांतरितांचा मुलगा. अंक आल्यावर अमेरिकेतल्या नाझीप्रेमींच्या धमक्या सुरू झाल्या. न्यूयॉर्कचे महापौर ला गार्डिया यांनी स्वतः फोन करून धीर दिला, असं सायमन सांगत. अशा वेळी ते चित्र काढायला छाती लागते.

आता त्याच प्रकाशनाचं, १९४१च्या उन्हाळ्यातलं ‘यंग अलाईज’ उघडा. पोरांची टोळी, तीत एकच कृष्णवर्णीय मुलगा, नाव व्हाइटवॉश, म्हणजे चुन्याची सफेदी, जोन्स. थट्टा बारशापासूनच. डोळे बशीएवढे, ओठ चेहऱ्याच्या अर्ध्यावर पसरलेले. बाकीच्या पोरांना प्रत्येकाचं वेगळं नाक आहे, हनुवटी आहे. याच्या वाट्याला चेहरा आलाच नाही, आला तो रबरी शिक्का. विल आयझनरसारखा कसलेला माणूस ‘द स्पिरिट’मध्ये सावल्या आणि पाऊस असे काढायचा की आजही पान उलटवत नाही, आणि त्याच पानावर एबनी व्हाइट हा कृष्णवर्णीय पोरगा त्याच शिक्क्यातून निघालेला. जपान्यांची तऱ्हा तर विचारूच नका. १९४३च्या ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या ५८व्या अंकाच्या मुखपृष्ठावर सुपरमॅन स्वतः छापखाना चालवून, युद्धरोखे घ्या आणि जपान्याच्या थोबाडीत द्या, अशी पोस्टरं काढतो आहे. ‘जपानी’साठी तिथे शब्दही शिवीचाच.

ही माणसं दुष्ट होती म्हणून हे घडलं, असं मला वाटत नाही. हिटलरला समोर बघून, विचार करून काढलं होतं. व्हाइटवॉशला हाताने आपोआप काढलं. पानं द्यायची घाई असते, तेव्हा हात सवयीचं काढतो. हे मी अनुभवावरून बोलतो. उमेदवारीच्या दिवसांत एका संपादकांनी माझं चित्र परत पाठवलं होतं, ‘चोर जरा काळा करा, म्हणजे पोरांना लगेच कळेल.’ मी केला. पाच मिनिटांचं काम होतं आणि मला काहीही वाटलं नाही. वाटलं ते वीस वर्षांनी, तेच पान पुन्हा हाताशी आल्यावर.

अमेरिकेत हा हात आधी कुणी धरला, तर शाळकरी पोरांनी. फॉसेट प्रकाशनाच्या कॅप्टन मार्व्हलच्या गोष्टींत स्टीमबोट नावाचा नोकर होता, त्याच शिक्क्यातला. १९४५मध्ये न्यूयॉर्कच्या शाळकरी मुलांचं शिष्टमंडळ संपादकांच्या कचेरीत गेलं. विनोदासाठी आम्ही सगळ्यांचीच चित्रं वाढवून काढतो, अशी सारवासारव झाली. तेव्हा एका मुलाने स्टीमबोटचं मोठं केलेलं चित्र पुढे धरलं. आमचे लोक असे नाहीत, पण तुमचे लाखो वाचक आम्हाला असंच समजतील, असं त्याचं म्हणणं. स्टीमबोट बंद झाला. मला हा प्रसंग हिटलरच्या ठोशाइतकाच मोठा वाटतो. मुखपृष्ठ मात्र त्याला मिळालं नाही.

प्रश्न : ब्लॅक पँथर हाच पहिला कृष्णवर्णीय सुपरहिरो ना?

उत्तर : मोठ्या प्रकाशनांपुरतं हो, ‘फँटास्टिक फोर’ ५२, जुलै १९६६. पण फिलाडेल्फियाचे पत्रकार ऑरिन इव्हान्स यांनी १९४७मध्येच ‘ऑल-निग्रो कॉमिक्स’ काढलं होतं. लेखक-चित्रकार सगळे कृष्णवर्णीय, आणि त्यात लायन मॅन हा नायक. किंमत १५ सेंट. दुसरा अंक निघालाच नाही, कारण त्यांना छपाईचा कागद विकायलाच कुणी तयार होईना.

प्रश्न : त्या काळातलं एकच पान दाखवायचं तर कुठलं दाखवाल?

उत्तर : सुपरहिरोंचं नाही दाखवणार, चालेल? ‘वीअर्ड फँटसी’ १८मधली, १९५३ची ‘जजमेंट डे’. प्रकाशन ईसी, चित्रं जो ऑर्लँडो यांची. पृथ्वीवरून टार्ल्टन नावाचा निरीक्षक यंत्रमानवांच्या ग्रहावर येतो. त्या ग्रहाला आकाशगंगेच्या प्रजासत्ताकात घ्यायचं की नाही, ते त्याने ठरवायचं असतं. तिथे नारिंगी आणि निळे असे दोन रंग. आतले सुटे भाग तेच, फरक फक्त वरच्या पत्र्याचा, तरी निळ्यांनी बसमध्ये मागे बसायचं. टार्ल्टन नकार देऊन परत निघतो. गोष्टभर त्याच्या डोक्यावर हेल्मेट असतं. शेवटच्या चौकटीत ते उतरतं. तो कृष्णवर्णीय आहे, आणि काळ्या त्वचेवर घामाचे थेंब ताऱ्यांसारखे चमकताहेत.

पुढे १९५६मध्ये हीच गोष्ट पुन्हा छापायची ठरली. तोवर कॉमिक्सची आचारसंहिता आली होती आणि तिच्यातच लिहिलं होतं की कुठल्याही वंशाची टिंगल चालणार नाही. ती राबवणारे न्यायमूर्ती मर्फी म्हणाले, अंतराळवीर कृष्णवर्णीय नको. प्रकाशक गेन्स अडून बसले. मग तडजोड पुढे आली, निदान घामाचे थेंब तरी पुसून टाका. चित्रकाराच्या दृष्टीने मागणी अगदी क्षुल्लक, ब्रशचे आठ-दहा फटकारे. गेन्सनी तीही धुडकावली आणि चौकट होती तशी, घामासकट छापली. ईसीचं ते शेवटचं कॉमिक.