चंद्राशेजारची ती चांदणी

प्रश्न : परवा चंद्राला अगदी खेटून एक ठळक चांदणी होती. काल पाहिलं तर दोघांत बरंच अंतर पडलेलं. तो ग्रह असेल का? शिवाय पौर्णिमेला द्विनेत्री दुर्बिणीतून चंद्र पाहिला, तर नुसता पांढराफटक दिसला. दुर्बीण सदोष आहे का?

उत्तर : दुर्बीण उत्तम आहे, दिवस बदला. पौर्णिमेला चंद्रावर ऊन समोरून पडतं, सावल्या दिसत नाहीत आणि सावलीशिवाय डोंगर-विवरं कळत नाहीत. शुक्ल सप्तमी ते दशमी हे माझे सर्वांत आवडते दिवस. उजेड आणि अंधार जिथे भेटतात, त्या रेषेवरच नजर ठेवा. रेषेपलीकडच्या काळोखात एखादा सुटा, लखलखीत ठिपका दिसेल. ते डोंगराचं शिखर! तिथे ऊन पोचलंय, पायथ्याशी अजून रात्र आहे. तासाभराने पुन्हा पाहा, ठिपका मोठा झालेला असेल. नवमी-दशमीच्या सुमारास ९३ किलोमीटर रुंदीचं कोपर्निकस विवर उजेडात येतं, ते चुकवू नका. हात टेकवायला भिंत किंवा कठडा घ्या, नाहीतर चित्र थरथरतं.

आता चांदणी. सरकला तो चंद्र. ताऱ्यांमधून तो रोज साधारण १३ अंश पूर्वेकडे जातो. हात ताणून धरलेली मूठ सुमारे १० अंश भरते. ग्रहही जवळपास त्याच वाटेने फिरतात, म्हणून महिन्याभरात चंद्र प्रत्येकाच्या आसपास जाऊन येतो. पण त्याच वाटेवर रोहिणी, मघा, चित्रा आणि ज्येष्ठाही आहेत. लालसर ज्येष्ठा पाहून मंगळ समजणारे पुष्कळ भेटतात. लुकलुकण्यावर फार विसंबू नका, क्षितिजाजवळ ग्रहही लुकलुकतात.

द्विनेत्रीतून तारा ठिपकाच राहतो. गुरू असेल तर शेजारी जवळपास एका ओळीत दोन, तीन किंवा चार बारीक ठिपके दिसतील. गॅलिलिओने १६१० च्या जानेवारीत पाहिलेले चंद्र ते हेच. कागदावर त्यांच्या जागा मांडून ठेवा. दुसऱ्या रात्री मांडणी बदललेली असेल. शनीची कडी मात्र द्विनेत्रीत दिसणार नाहीत, त्याला टेलिस्कोपच हवा.

तरीही शंका उरली, तर आसपासच्या ताऱ्यांसह त्या चांदणीचं चित्र काढा. सुमारे २७ दिवसांनी चंद्र फिरून तिथेच येईल, तेव्हा ताडून पाहा. शुक्र, मंगळ असले तर सहसा जागा सोडून गेलेले सापडतील. शनीला मात्र दोन-तीन महिने द्या, तो फार सावकाश चालतो.