महाविद्यालयाच्या स्वतःच्या क्लाउडसाठी सेल्फ-सर्व्हिस पोर्टल कसे उभारावे?

आपल्या संगणक विभागाला सहा सर्व्हर मिळाले आहेत. त्यांवर सुमारे ८० विद्यार्थ्यांना आणि काही प्राध्यापकांना हवे तेव्हा स्वतःच व्हर्च्युअल मशिन (खऱ्या सर्व्हरच्या आत सॉफ्टवेअरने चालणारा स्वतंत्र संगणक) घेता यावे, दर वेळी सिस्टिम ॲडमिनकडे अर्ज करण्याची वेळ येऊ नये, यासाठी कोणते पोर्टल बसवावे, असे आपण विचारले आहे. पुण्यातील एका शिक्षणसंस्थेत मी हेच काम काही वर्षे केले. त्या अनुभवावरून सांगतो की पोर्टलचे सॉफ्टवेअर निवडणे हा या कामातला तुलनेने सोपा भाग आहे. कोणाला किती द्यायचे, किती दिवसांसाठी द्यायचे आणि दिलेले परत कसे घ्यायचे, हे आधी ठरवलेले नसेल, तर कोणतेही पोर्टल काही महिन्यांत भरून जाते आणि मग अर्जांची जागा तक्रारी घेतात.

माझा पहिला प्रयत्न फसला होता. मी एक सुबक वेबपान तयार केले. विद्यार्थ्याने त्यावर अर्ज भरायचा, अर्ज ईमेलने माझ्याकडे यायचा आणि मी हाताने मशिन तयार करून पासवर्ड कळवायचा, अशी ती व्यवस्था होती. त्याला आम्ही पोर्टल म्हणत असू, पण ती केवळ अर्जाची नवी खिडकी होती. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने २०११ साली क्लाउड कम्प्युटिंगची जी व्याख्या प्रसिद्ध केली, तिच्यातील पाच आवश्यक लक्षणांपैकी पहिलेच हे आहे की वापरकर्त्याला सेवा पुरवणाऱ्या माणसाच्या मध्यस्थीशिवाय संगणनक्षमता घेता आली पाहिजे. आमच्या व्यवस्थेत मध्यस्थ मीच होतो, आणि मी रजेवर गेलो की क्लाउडही रजेवर जात असे.

सॉफ्टवेअरच्या निवडीबद्दल थोडक्यात लिहितो. आम्ही ओपनस्टॅक वापरले. नासा आणि रॅकस्पेस यांनी २०१० मध्ये सुरू केलेला हा मुक्त प्रकल्प आहे. त्याचा होरायझन हा डॅशबोर्ड म्हणजेच आपल्याला हवे असलेले पोर्टल. मात्र ओपनस्टॅक हे एक सॉफ्टवेअर नसून अनेक सेवांचा संच आहे. ओळख तपासण्यासाठी कीस्टोन, मशिन चालवण्यासाठी नोव्हा, नेटवर्कसाठी न्यूट्रॉन, इमेज (ऑपरेटिंग सिस्टिमचा तयार साचा) ठेवण्यासाठी ग्लान्स आणि डिस्कसाठी सिंडर असतो, आणि त्यांतील एक सेवा अडली की विद्यार्थ्याला फक्त ‘पोर्टल बंद आहे’ एवढेच दिसते. आपल्याकडे पूर्ण वेळ देणारा माणूस नसेल, तर अपाची क्लाउडस्टॅकचा आधी विचार करावा, असे मी प्रामाणिकपणे सुचवेन. त्यात एक मॅनेजमेंट सर्व्हर आणि एक मायएसक्यूएल डेटाबेस यांवर मुख्य कारभार चालतो आणि वेब पोर्टल त्यातच असते. पुढचे बरेचसे विवेचन दोन्हींना लागू आहे, फक्त नावे आणि आकडे ओपनस्टॅकचे आहेत. डेव्हस्टॅक या उभारणीच्या स्क्रिप्टने सारे काही अर्ध्या दिवसात उभे राहते म्हणून तेच कायम ठेवण्याचा मोह मात्र टाळावा. ते विकास आणि चाचणीसाठी आहे. कायमच्या उभारणीसाठी कोला-ॲन्सिबलसारखे साधन घ्यावे.

आता खरा विषय. ओपनस्टॅकमध्ये कोटा, म्हणजे वापराची कमाल मर्यादा, मुख्यतः वापरकर्त्याला नसून प्रोजेक्टला (वापरकर्त्यांच्या सामाईक गटाला) असतो. प्रोजेक्टमधील कोणताही सामान्य सदस्य त्याच प्रोजेक्टमधील दुसऱ्याचे मशिन बंद करू शकतो, इतकेच नव्हे तर पुसूनही टाकू शकतो. सर्व ८० विद्यार्थ्यांना एकाच प्रोजेक्टमध्ये घातले, तर परीक्षेच्या आदल्या रात्री कोणाचे तरी मशिन नाहीसे होणार हे ठरलेलेच. आमच्याकडे ते घडले, आणि ज्याने पुसले त्याला ते आपलेच वाटले होते. दुसऱ्या टोकाला जाऊन प्रत्येकाला स्वतंत्र प्रोजेक्ट देता येतो, पण मग आकडेमोड करावी लागते.

आपण प्रत्येक सर्व्हरमध्ये ३२ कोअर आणि २५६ जीबी रॅम असल्याचे लिहिले आहे. एक सर्व्हर नियंत्रणासाठी आणि एक साठवणुकीसाठी धरला, तर मशिने चालवायला चार उरतात, म्हणजे १२८ कोअर आणि १,०२४ जीबी रॅम. प्रत्येक सर्व्हरवर त्याच्या स्वतःच्या कामासाठी १६ जीबी राखून ठेवली की वाटण्याजोगी ९६० जीबी राहते. नोव्हाचा मूळ कोटा प्रत्येक प्रोजेक्टला १० मशिने, २० कोअर आणि ५१,२०० एमबी म्हणजे ५० जीबी रॅम असा असतो. तो न बदलता ८० प्रोजेक्ट उघडले, तर आपण ४,००० जीबी रॅमचे आश्वासन देऊन बसतो, म्हणजे जवळ आहे त्याच्या चौपटीहून अधिक. सगळे एकदम मागत नाहीत तोवर हे खपून जाते. सबमिशनच्या आठवड्यात सगळे एकदम मागतात, आणि पोर्टल ‘नो व्हॅलिड होस्ट वॉज फाउंड’ असे उत्तर देऊ लागते, ज्याचा अर्थ विद्यार्थ्याला कळत नाही आणि दोष मात्र ॲडमिनच्या वाट्याला येतो.

आम्ही शेवटी चार विद्यार्थ्यांच्या गटाला एक प्रोजेक्ट दिला. आपल्याकडे असे २० गट होतील. प्रत्येक गटाला ३ मशिने, ८ कोअर आणि १६ जीबी रॅम दिली, तर एकूण ३२० जीबी रॅम आणि १६० आभासी कोअर लागतील. रॅमचा हा बरोबर एक तृतीयांश भाग झाला. उरलेल्यात प्राध्यापकांचे संशोधन बसते, आणि चारपैकी एक सर्व्हर बंद पडला तरी काम चालू राहते. कोअर प्रत्यक्षापेक्षा अधिक वाटायला हरकत नसते, कारण विद्यार्थ्यांची मशिने बहुतेक वेळ रिकामी बसलेली असतात. नोव्हाच्या जुन्या आवृत्त्यांत एका कोअरमागे १६ आभासी कोअर असे मूळ प्रमाण होते, आताच्या आवृत्त्यांत ते ४ आहे, आणि ४ हे मला योग्य वाटते. रॅमच्या बाबतीत मात्र उदार होऊ नये, तिथे प्रमाण १ ठेवावे. रॅम खरोखर संपली की लिनक्स एखादी प्रक्रिया स्वतःहून मारतो, आणि त्या प्रक्रियेत कोणाचे तरी आख्खे मशिन असते.

लॉगिनसाठी वेगळे पासवर्ड निर्माण करू नयेत. संस्थेची एलडॅप डिरेक्टरी (सर्वांची खाती आणि पासवर्ड एका जागी ठेवणारी यादी) असेल, तर कीस्टोनला ती स्वतंत्र डोमेन (खात्यांचा वेगळा कप्पा) म्हणून जोडावी आणि नोव्हा, ग्लान्स वगैरे सेवांची अंतर्गत खाती मूळ डोमेनमध्ये डेटाबेसमध्येच राहू द्यावीत. ती सगळी एलडॅपमध्ये हलवण्याचा प्रयत्न केला, तर डिरेक्टरी बंद पडताच क्लाउडच्या सेवा एकमेकींनाही ओळखेनाशा होतात. होरायझनच्या लॉगिन पानावर डोमेनचे नाव टाईप करावे लागते, तिथे यादीतून निवडण्याची सोय सुरू करावी. या एका बदलाने आमच्याकडचे दूरध्वनी निम्म्यावर आले. एक गोष्ट लक्षात असू द्यावी की विद्यार्थी उत्तीर्ण होऊन गेला आणि एलडॅपमधील त्याचे खाते बंद झाले, तरी त्याचे मशिन चालूच राहते. खाते आणि मशिन यांची नाळ आपोआप तुटत नाही.

यातूनच परतीचा प्रश्न येतो, आणि माझ्या मते पोर्टलचे यशापयश इथेच ठरते. मशिन घेणे एका बटणाचे काम आहे. ग्रंथालयात पुस्तकावर परतीची तारीख शिक्क्याने उमटते, तसा शिक्का ओपनस्टॅक स्वतःहून मारत नाही. ब्लेझर नावाची आरक्षणसेवा जोडून मुदतबंद वाटप करता येते, पण आमच्या आकाराच्या व्यवस्थेला ते ओझे वाटले. आम्ही मशिन तयार होताच त्याच्या मेटाडेटामध्ये (मशिनसोबत ठेवलेल्या नोंदींत) मुदतीची तारीख लिहिली आणि रोज पहाटे चालणारी एक छोटी पायथन स्क्रिप्ट ठेवली. मुदतीच्या सात दिवस आधी ती ईमेल पाठवते, मुदतीच्या दिवशी मशिन शेल्व्ह करते, म्हणजे बाजूला काढून ठेवते, आणि त्यानंतर तीस दिवसांनी पुसते. विद्यार्थी स्वतःच मुदत वाढवू शकतो, त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. ज्याला मशिन खरोखर हवे असते तो ईमेल वाचतो, एवढाच तर्क त्यामागे आहे.

मशिन नुसते बंद न करता शेल्व्ह करण्याचे कारण असे की बंद केलेल्या मशिनचीही रॅम आणि कोअर त्याच्याच नावावर अडकून राहतात, शेल्व्ह केल्यावर मात्र सर्व्हरवरची जागा मोकळी होते आणि डिस्क जपली जाते. आम्ही पहिल्या सत्रात नुसती बंद करत होतो. निम्मी मशिने बंद असूनही नवे मशिन का मिळत नाही, हे समजायला मला दोन दिवस लागले.

डिस्कचेही, म्हणजे मशिनपासून वेगळ्या टिकणाऱ्या व्हॉल्यूमचेही, असेच आहे. होरायझनमध्ये नवे मशिन घेताना ‘नवा व्हॉल्यूम तयार करा’ हा पर्याय आधीच ‘होय’ असतो, आणि ‘मशिन पुसताना व्हॉल्यूमही पुसा’ हा ‘नाही’ असतो. परिणामी विद्यार्थी दहा वेळा मशिन घेऊन दहा वेळा पुसतो आणि मागे दहा अनाथ व्हॉल्यूम उरतात. होरायझनच्या सेटिंग्जमध्ये पहिला मूळ पर्याय ‘नाही’ करता येतो. पोर्टल लोकांसाठी उघडण्यापूर्वी ते करावे. ज्यांना माहिती टिकवायची आहे त्यांनी वेगळा व्हॉल्यूम मुद्दाम घ्यावा, हे पोर्टलच्या पहिल्या पानावर मराठीत स्पष्ट लिहून ठेवावे.

इमेज मोजक्याच ठेवाव्यात. उबुंटूची एक, डेबियनची एक आणि अभ्यासक्रमाला लागणारे सॉफ्टवेअर आधीच बसवलेली एक, एवढ्या पुरतात. पासवर्डने लॉगिन करू देणारी इमेज कदापि ठेवू नये. आमच्याकडे सोयीसाठी एक ठेवली होती, आणि कोणीतरी त्या मशिनला बाहेरून पोहोचणारा पत्ता जोडताच काही तासांत ते परक्याच्या ताब्यात गेले. त्यानंतर आम्ही फ्लोटिंग पत्ते, म्हणजे मशिनला बाहेरून पोहोचता यावे म्हणून जोडायचे पत्ते, केवळ महाविद्यालयाच्या अंतर्गत नेटवर्कमधलेच दिले. ब्राउझरमधून इमेज चढवण्याची मुभा विद्यार्थ्यांना देऊ नये. मूळ पद्धतीत ती फाइल आधी वेब सर्व्हरच्याच तात्पुरत्या जागेत उतरते, आणि काही जीबींच्या दोन-तीन फाइली एकाच वेळी आल्या की पोर्टलच कोलमडते.

कन्सोल, म्हणजे ब्राउझरमध्ये दिसणारा मशिनचा पडदा, उघडत नाही ही तक्रार आपल्यालाही नक्की ऐकावी लागेल. नोव्हाच्या सेटिंगमध्ये कन्सोलचा पत्ता बहुधा आतल्या नेटवर्कचा राहून गेलेला असतो, आणि विद्यार्थ्याच्या ब्राउझरला तो पोहोचत नाही. पोर्टल एचटीटीपीएसवर असेल तर कन्सोलही एचटीटीपीएसवरच असावे लागते.

देखभालीसाठी आठवड्यातले काही तास कायमचे राखून ठेवावेत. ओपनस्टॅकची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते, २०२३.१ या आवृत्तीपासून मात्र एक आवृत्ती वगळून वर्षातून एकदा अद्ययावत करण्याची अधिकृत सोय आहे, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत ते काम उरकता येते.

पोर्टल सर्वांना खुले करण्यापूर्वी दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी बोलवावा, त्याला फक्त लॉगिनचा पत्ता द्यावा आणि मागे बसून काहीही न बोलता पाहावे. आमचा पहिला विद्यार्थी की-पेअरपर्यंत (पासवर्डऐवजी लॉगिनसाठी वापरायच्या किल्ल्यांच्या जोडीपर्यंत) बिनचूक गेला. खासगी की एकदाच उतरवून घेता येते हेही त्याने वाचले. पुढे तो पाऊण तास पिंग करत, म्हणजे मशिन उत्तर देते का ते पाहत, बसला, कारण मूळ सिक्युरिटी ग्रुप (मशिनकडे येणाऱ्या जोडण्यांचे नियम) बाहेरून येणारी कोणतीच जोडणी आत घेत नाही आणि हे कोणीही त्याला सांगितलेले नव्हते. त्याच संध्याकाळी आम्ही नवा प्रोजेक्ट उघडणाऱ्या स्क्रिप्टमध्ये नेटवर्क आणि राउटरच्या जोडीला एसएसएच (दुरून लॉगिन) आणि पिंग यांना अंतर्गत नेटवर्कमधून वाट देणारे दोन नियम घातले.